म्हाळसाबाईचं नाक

म्हाळसाबाईनं जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, आणि खुलताबादच्या घाटाखालच्या त्या गावात दारूचा वास यायचा तो मात्र तिच्याच लुगड्याला. पिणारे बाप्ये वेलदोडा चघळून साळसूद चेहऱ्यानं घरी जात. ही गळ्यात तुळशीची माळ घालून, कोरड्या तोंडानं, घमघमत जायची.

गावाबाहेर काकासाहेबांची वायनरी होती. पोलिस ॲक्शन होऊन निजामी गेली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या आजोबांनी माळावर काळ्या द्राक्षाचे वेल लावले. त्यातले ऐंशी अजून तग धरून होते. आजोबा बाटलीच्या लेबलावरही होते, फेट्यासकट. जन्मभर ताक पिऊन गेलेला माणूस बाटलीवरून असा रोखून बघायचा, की घेणाऱ्यानं मुकाट दुसरी घ्यावी.

नवरा गेल्यावर म्हाळसाबाई तिथं टाक्या धुवायला लागली. एकदा काकासाहेब तीन ग्लास पुढं मांडून बसले होते. ती बादली घेऊन जाता जाता म्हणाली, "दादा, मधल्यात ओल्या घोंगडीचा वास येतोय." काकासाहेब हसले. मग त्या वाइनचं पिंप उघडून बघितलं, तर आतल्या लाकडाला बुरशी. माहेरी मेंढरांत वाढलेली बाई ती. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे लहानपणी डोळे मिटून सांगायची.

तेव्हापासून दर चैत्रात घरच्या लाल वाइनचा मेळ तिच्या नाकावर ठरायचा. थोडी शिराज द्राक्षाची, थोडी कॅबरनेची आणि आजोबांच्या वेलांची एवढीशी. काकासाहेब काचेच्या नळीनं मिसळत, ती हुंगायची. "हं" म्हणजे नाय. "आता बसलं" म्हणजे व्हय.

"अगं, एक घोट तरी घे."

"माळ हाये, दादा."

"नाकाला कुठंय माळ?"

दरवर्षी हाच विनोद, आणि दरवर्षी दोघंही हसायचे. तिच्याशी हसून बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं. लेक वाळूजला कंपनीत. रविवारी त्याचा फोन यायचा: "आई, जेवलीस का? बरं, ठेवतो." यात तिला फक्त "व्हय" बसवायला जागा असायची.

पूर्वी भजनी मंडळ होतं. तिच्या हातातल्या टाळावर पंधरा बायका चालायच्या. मंडळाची म्होरकी शेजारची वच्छलाबाई. तीन वर्षांमागं ती पदराचं टोक नाकाला लावून दारात उभी राहिली. "म्हाळसे, राग नको मानू बाई. देवापुढं बसावं अन् शेजारून गुत्त्याचा वास यावा, बरं दिसतं का?"

"मी पेत नाय, वच्छे."

"मला म्हाइत हाये. देवाला म्हाइत हाये. पण पाव्हण्यांच्या नाकाला कसं सांगावं?"

टाळ आशाबाईच्या हातात गेले. तिचा ठेका बैलगाडीमागच्या वासरासारखा, कधी पुढं कधी मागं. म्हाळसाबाई घरात एकटीच मांडीवर बोटं वाजवत बसायची.

यंदा सप्ताहाच्या तोंडावर आशाबाई लेकीच्या बाळंतपणाला मुकुंदवाडीला गेली. वच्छलाबाई परत दारात. "वास घालवून ये. मंगळवारी तालमीत जमलं, तर शनिवारी काल्याच्या कीर्तनाला तुझाच टाळ. अन् मग कायमचाच."

म्हाळसाबाईनं लुगडं रिठ्यात उकळलं, स्वतः दोनदा न्हाली. तरी जिवाला भरवसा नाही. खुलताबादला जाऊन गुलाबाचं अत्तर आणलं. दुकानदार म्हणाला, "थोडाच लगाना, खाला. सच्चा माल है." खालांनी कानामागं लावलं, वेणीला लावलं, पदराला लावलं. दारूचा वास आपल्यालाही येऊ नये, म्हणून शेवटी नाकाखाली चांगलं चोळलं.

तालमीत वच्छलाबाई म्हणाली, "म्हाळसे, कोणाचा उरूस हाये गं?" बायका खिदळल्या. मग टाळ वाजला आणि खिदळणं थांबलं. निघताना वच्छलाबाई हळूच बोलली, "शनिवारी नवाला. अशीच ये."

बुधवारी काकासाहेबांनी ग्लास मांडले. तिनं पहिला हुंगला. गुलाब. दुसरा. गुलाब. तिसऱ्यातही तेच.

"आता बसलं" म्हणायला काय लागतं? कोणाला कळणार होतं? तिनं तोंड उघडलंही. पण बाटलीवरचे आजोबा फेट्याखालून बघतच होते.

"दादा, माझ्या नाकात गुलाब बसलाय." मग तिनं सगळं सांगितलं.

काकासाहेबांनी नळी खाली ठेवली. "किती दिवस?"

"तीन दिस तर जातीलच."

"मग शनिवारी सकाळी. बाटल्या भरायचं भाड्याचं यंत्र दुपारी यायचंय. त्यापुढं नाय थांबता यायचं." ग्लास आवरत म्हणाले, "काला शनिवारीच ना गं? तू ठरव. नाय आलीस, तर मी माझ्या जिभेनं करीन."

त्यांची जीभ कशी होती, हे तिला ठाऊक होतं. घरी जाऊन बेसन लावून नाकाखाली चोळत बसली. अत्तराची कुपी उतरंडीत ठेवून दिली.

शनिवारी नवाला ती ग्लासांपुढं होती. गावातल्या भोंग्यावरून कीर्तन वाऱ्यावर येत होतं. टाळ मंडळातली सरूबाई धरत होती. प्रत्येक ठेका अर्धा पाऊल मागं. म्हाळसाबाईच्या कपाळाला आठी पडायची.

"काय, वाईट हाये?" काकासाहेब विचारत.

"ग्लास नाय, दादा. तो टाळ."

अकराव्या मेळाला तिनं डोळे मिटले. आधी जांभळासारखं काही, मग पावसाळा संपल्यावरची माती, आणि तळाशी त्या जुन्या वेलांचा वास, उन्हात तापलेल्या लाकडासारखा.

"आता बसलं."

काकासाहेब यंत्राची वाट बघायला बाहेर गेले. ती रिकामी टाकी धुवायला आत शिरली. भोंग्यावर शेवटचा गजर सुरू झाला होता, आणि सरूबाई पार हरवली होती. म्हाळसाबाईनं स्टीलची दोन झाकणं उचलली आणि टाकीच्या आत बसून ठेका धरला. टाकी घुमायला लागली. पंधरा जणींचा आवाज झाला.

भोंगा थांबला, तरी ती वाजवतच होती.

बाहेरून काकासाहेब म्हणाले, "म्हाळसाबाई, काय वाजतंय गं?"

तिनं झाकणं खाली ठेवली.

"काय नाय, दादा. टाकी धुतेय."