पालीच्या नावाचा कौल

पाल माझ्या हातातल्या कापडी पिशवीत होती, वन खात्याचं परवानगीपत्र माझ्या पीएचडीच्या सरांच्या खिशात होतं, आणि देवाने नाही म्हटलं.

दोडामार्गजवळच्या एका गावची देवराई. मी पालींच्या उत्क्रांतीवर काम करते. लाखो वर्षं आपापल्या टेकडीवर अडकून राहिलेल्या पाली एकमेकींपासून वेगळ्या होत जातात. दिसतात सारख्याच, पण डीएनए तपासला की जात निराळी निघते. तशी एक आम्हाला इथे सापडली होती. नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचा एक नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. आणि जो आधी पेपर छापतो, त्याने दिलेलं नाव टिकतं. दुसरी एक टीम याच पालीच्या मागे होती. माझी पीएचडी पणाला लागली होती.

पण या राईतली काटकीसुद्धा कौलाशिवाय बाहेर जात नाही. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून देवाला विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

"त्या बाजूला पाणी कमी लागलं असेल," सर माझ्या कानाशी पुटपुटले. "साधं गुरुत्वाकर्षण आहे."

देवळाचे गुरव दाजी यांनी ते ऐकलं, पण रागावले नाहीत. "सर, प्रश्न नीट इचारूक व्हयो. पाल परत कधी हाडतलास?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी खोटं बोलायची हिंमत झाली नाही. "परत नाही येणार, दाजी. मुंबईच्या संग्रहालयात, बरणीत राहील."

"अरे देवा! मगे गावाक तेचा काय?"

"जगभर नाव छापून येईल," सर घाईने म्हणाले.

"कोणाचा नाव?"

"माझ्या गुरूंचं."

"पाल आमची, आनि नाव तुमच्या गुरुजींचा?" दाजी म्हणाले.

मागून एक आजी कडाडल्या, "देव खुळो आसा काय रे?"

सरांनी गुरूंना हे नाव आधीच कबूल करून टाकलं होतं. सर अडून बसले. मला रडू यायचं बाकी होतं. "सर, ती दुसरी टीम," मी म्हटलं.

"बरं बाई," सर म्हणाले. "देवाचं नाव देऊ."

दाजींनी नव्या पाकळ्या लावल्या. "म्हाराजा, तुझी एक पाल तुझाच नाव घेवन मुंबैक जाता. तिची राखण कर, आनि उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज सरांचा होता. उजवी पाकळी पडली. गुरुत्वाकर्षणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आमचा पेपर आधी आला. पीएचडीच्या परीक्षकांनी प्रत्येक तक्त्यावर शंका काढल्या, नावावर मात्र चकार शब्द नाही. मला पदवी मिळाली. सरांचे गुरू अजून त्यांचा फोन उचलत नाहीत. नव्या मुलांना मी एवढंच सांगते, की परवानग्या सगळ्यांच्या घ्या, पण जनावर गावाची वेस ओलांडेपर्यंत नाव कुणालाही कबूल करू नका.