आबांच्या हातातला दोर

आमच्या गावातून, तिकोणा पेठेतून, आम्ही निघालो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. डोक्याला पटका होता आणि पिशवीत आईने दिलेल्या दहा भाकऱ्या. आबांना परदेशी आमच्या घरी न्यायला मी आले होते. आईनेही यावं म्हणून मी आठ दिवस विनवण्या केल्या होत्या. "मग म्हशीला कोन बघंल? का तिचाबी पासपोर्ट काढतीस?" एवढं विचारून तिने विषय संपवला.

लोणावळ्यात थांबून शेजाऱ्यांसाठी चिक्कीचे चार डबे घेतले. कॉलेजची तीन वर्षं मी इथेच काढली. तुंगार्लीतल्या एका बंगल्यात माझी मावशी स्वयंपाकाला होती. तिच्या मागच्या खोलीत, तिच्याच ताटात जेवून मी बी. एस्सी. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. बंगल्याच्या रस्त्याकडे बघून आबांनी गाडीतूनच हात जोडले. मग मीही जोडले.

माझे यजमान सचिन तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कारखान्यात मशीनवर कामाला लागले आणि हळूहळू सुपरवायझर झाले. तीन वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना थायलंडला पाठवलं. रायोंग नावाच्या गावात आम्हाला घर मिळालं. समुद्र तिथून दहा मिनिटांवर. आता मुदत संपत आली होती आणि मे महिन्यात आम्ही परतणार होतो. त्याआधी आबांना एकदा जग दाखवायचं, हे मी मनाशी धरलं होतं.

विमानात आबा खिडकीशी बसले. खाली ढग पसरले होते. बराच वेळ बघून ते म्हणाले की श्रावणात तिकोणा गडावरून असंच दिसतं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं.

रायोंगला मात्र ते दोन दिवसांत रमले. शेजारच्या पा (मावशी) रोज सकाळी काही ना काही फळ आणून देत. पहिल्या दिवशी त्यांनी दुरियान आणला. आबांनी वास घेतला, एक गरा खाल्ला आणि निकाल दिला की हा फणसच आहे, फक्त रागावलेला. बांबूच्या नळीत नारळाचं दूध घालून भाजलेला चिकट भात, खाव लाम, त्यांना फार आवडला. नळी फोडून आतला भात सोलून घेताना ते पांनाही शिकवू लागले की आमच्याकडे इंद्रायणी तांदूळ असाच मऊ होतो. बोलत होते मराठीत, पा मान हलवत होत्या थाईत. दोघांचं छान चाललं होतं.

चौथ्या दिवशी जेवताना माझ्या मुलीने, ओवीने, विषय काढला. ओवी नऊ वर्षांची. शाळेने तिला तिथे पोहायला शिकवलं, नंतर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यात डोकं घालून तरंगायलाही शिकवलं. त्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. जवळच्या बेटापाशी एका खडकाजवळ तिचे नारिंगी मासे होते. 'तिचे' म्हणजे तीच दर वेळी त्यांना भेटायला जायची. सचिन तिच्यासोबत उतरायचे. मी तीन वर्षं किनाऱ्यावर टॉवेल धरून बसायचे.

"आई, रविवारी शेवटची बोट आहे," ती म्हणाली. "माझे मासे तू एकदा तरी बघ ना. नंतर तळेगावच्या घरी मी तुला कुठून दाखवू?"

मी काहीतरी सबब सांगितली. आबा भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. ओवी उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, "मने, तुला पाण्याचं भ्या वाटतं व्हय?"

"भीती नाही, आबा. तुमची शपथ आहे."

ते कारण सांगायला हवं. आमचं गाव पवना धरणाच्या काठाजवळ आहे. आबा पट्टीचे पोहणारे. धरणावर फिरायला आलेलं कुणी बुडालं की लोक आधी आबांना हाक मारत. ते दोर घेऊन जात आणि माणूस वर काढत. बहुतेक वेळा उशीर झालेला असे. मी सहावीत असताना त्यांनी माझ्याच वयाची एक मुलगी काढली. त्या दुपारी घरी आल्यावर त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या गळ्याची शपथ हाय. पान्यात उतरायचं न्हाई."

शपथ ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आबांनी ते कधी म्हटलं नाही. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, वस्तू पाण्यावर का तरंगते ते फळ्यावर आकृती काढून समजावलं. पण आबांच्या गळ्यावर ठेवलेला हात मला उचलता आला नाही. खुशाल हसा. ज्या माणसाने मुलीच्या शिक्षणासाठी स्वतःची हौस कधी केली नाही, त्याच्या जिवावर मी प्रयोग करणार नव्हते.

आबांनी घास ताटात ठेवला. "मला वाटलं, शिकल्यावर आसलं काय पाळत न्हाईत," एवढंच बोलले. पण 'सुटली' म्हणाले नाहीत.

रविवारी बान फेच्या धक्क्यावरून आम्ही लाकडी बोटीत बसलो. सचिनना ऐन वेळी कारखान्यातून बोलावणं आलं होतं. बोटवाला साठीचा होता. सगळे त्याला लुंग (काका) म्हणत. आबा त्याला "पाव्हणं" म्हणू लागले आणि त्याने ते नाव मान्य केलं. पाणी पुढे पुढे निळ्याचं हिरवं होत गेलं, इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळाच्या वाळूवर दिसत होती. आबा म्हणाले, धरणाचा तळ आसा दिसला आसता तर लय कामं वाचली आसती.

बेटापाशी लुंगने नांगर टाकला. दुसऱ्या बोटीतली सात-आठ माणसं आधीच पाण्यात होती, पालथी, हातपाय सैल सोडून तरंगत. आबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी समजावलं की नळीतून श्वास चालू आहे. त्यांनी मान हलवली, पण नजर काढली नाही.

ओवी तरंगायचं जॅकेट घालून तयार झाली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

आबा उठले. त्यांनी बोटीतला दोर उचलला आणि लुंगला विचारल्यासारखं दाखवला. लुंग म्हणाला, "माय पेन राय" (काही हरकत नाही). आमच्याकडे पोराला पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधून विहिरीत सोडतात. शिकवणारा पायरीवर दोर धरून बसतो. आबांनी मलाही जॅकेट घालायला लावलं, त्याचे पट्टे ओढून बघितले, त्यांच्यावर भरवसा नाही म्हणाले आणि वरून माझ्या कमरेला दोराची आपली गाठ मारली.

"दोर माझ्या हातात हाय तवर तू पान्यात न्हाईस," ते म्हणाले. "माझ्या हातात हायेस. उतर."

अडतीस वर्षांची मी, मुलांची बाई, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी शिडीवरून उतरले. दुसऱ्या बोटीतल्या काहींनी फोटो काढले. पाणी कोमट होतं. ओवीने माझ्या तोंडावर मुखवटा आणि नळी नीट बसवली, माझा हात धरला आणि म्हणाली, आई, आता डोकं आत.

डोकं आत घातलं आणि सगळा आवाज थांबला. फक्त माझाच श्वास. खाली पोवळ्यांची रानं होती, त्यांतून पिवळे-काळे मासे असे चालले होते जसे शाळा सुटल्यावर पोरं. मी हातपाय सोडून दिले.

तेवढ्यात कमरेला जबर हिसका बसला. मी उलटी ओढली गेले, नाकातोंडात खारट पाणी गेलं, आणि बघते तो बोटीच्या कडेला आबा दोन्ही हातांनी दोर खेचत होते.

"हालत नव्हतीस," ते म्हणाले. "मने, तू हालत नव्हतीस."

तशी माणसं त्यांनी किती बघितली होती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी खोकत खोकत शिडीवर चढले, त्यांचा पाय धरला आणि कबूल केलं की मी मधून मधून हात वर करीन. हात दिसला की समजायचं, ठीक आहे.

पुन्हा उतरले. थोडं तरंगायचं, हात वर करायचा. पुन्हा तरंगायचं, पुन्हा हात. ओवी पुढे पुढे नेत होती. खडक समोर दिसू लागला आणि दोर संपला. कमरेला ताण बसला. ओवी चार हातांवर थांबून बोलावत होती. मी डोकं वर काढून बोटीकडे वळले.

आबा उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पलीकडच्या ओवीकडे बघितलं. मग दोराचं टोक पाण्यात टाकून दिलं.

"जा," ते म्हणाले. "सुटली."

नारिंगी मासे बोटभर लांबीचे होते. खडकावरच्या लवलवत्या झुपक्यातून ते बाहेर यायचे, आमच्या काचेपर्यंत धिटाईने यायचे आणि परत आत शिरायचे. ओवी त्यांच्याकडे बोट दाखवत होती, माझ्याकडे बघत होती. मागे दोर तरंगत होता. मी हात वर करायला विसरले नाही.

निघताना लुंगने तो दोर गुंडाळून आबांच्या पिशवीत घातला. आबांच्या परतीच्या वेळी विमानतळावर तपासणीला तो बाहेर आला, तेव्हा आबांनी अधिकाऱ्याला मराठीत सगळी हकिकत सांगितली. त्याने दोर परत दिला.

मे महिन्यात आम्ही कायमचे परतलो. पहिल्याच रविवारी आबांसोबत धरणाकाठी गेले आणि विचारलं की इथलीही सुटली का. "हितली ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मी राहू दिली. उलट तीच शपथ ओवीलाही घातली. तळ दिसत नाही त्या पाण्याचा मान ठेवावा, हे मी समुद्रात उतरल्यावरच नीट शिकले.

विहिरीचं मात्र आबांनी स्वतःहून ठरवलं. गावात आजवर दोर बांधून सोडत ते फक्त मुलग्यांना. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आळीतल्या तीन मुली आणि वरच्या वाडीतल्या दोघी ओवीबरोबर विहिरीवर आल्या. आबा पायरीवर लुंगचा दोर धरून बसले. गाठ आता ओवी मारते, आबा ओढून बघतात.

त्यांतली सर्वांत लहान, सात वर्षांची, माझा मुखवटा लावून पालथी तरंगत होती. खालचे बेडूक बघण्यात इतकी गुंगली होती की जराही हलेना. आबांची मूठ दोरावर आवळली, पण त्यांनी तो ओढला नाही.

"हात," त्यांनी हाक दिली.

पाण्यातून एक छोटा ओला हात वर आला.