चार पंखे, एक दिशा

जगात जे जे फिरतं ते प्रदक्षिणेच्या दिशेनेच फिरलं पाहिजे, असं मानणारा आणि नुसतं मानून गप्प न बसणारा माणूस उभ्या आयुष्यात मी एकच पाहिला, आणि दैवयोगाने तो माझा व्याही निघाला. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. मुलीच्या बापाने इवायापुढे मान हलवायची असते, तीही फक्त वरून खाली. तेव्हा पुढे जे घडलं त्यात माझा दोष धरू नये. मी मलकापुरात शिलाईचं दुकान चालवणारा साधा माणूस आहे.

ही मंडळी जळगाव जामोदकडच्या आपल्या गावाहून आमची मुलगी पाहायला आली, तेव्हा मुलगी सोडून इवाई वर बघत होते. मुलगी आली, चहा ठेवून बसली, नाव सांगितलं, तरी यांचे डोळे छताला. शेवटी म्हणाले, "भाऊ, हा पंखा उलटा फिरून राह्यला." घरोघरचे पंखे असेच फिरतात, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते खिशातून पेचकस काढून स्टुलावर चढले होते. पोहे गार झाले. वायरी बदलून खाली उतरले आणि पंखा देवाच्या दिशेने फिरायला लागला. फक्त वारा सगळा वर. मी भीत भीत म्हटलं, वारा लागत नाही. ते म्हणाले, "गरम हवा वरतं राह्यते ना भाऊ. तिले आधी थंडी होऊ द्या." आमची ही स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून इतकी हसली, की शेवटी पिठाच्या डब्यावर बसली. मुलगी पसंत आहे का, असं मध्यस्थाने विचारलं तेव्हा इवाई म्हणाले, "आता घरात काई दोष नाही राह्यला." लग्न ठरलं.

पुढे त्यांचे एकेक गुण कळत गेले. चहात चमचा उलटा फिरला तर तो कप ते पीत नाहीत. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर कधी बसत नाहीत, कारण गाडी डावीकडे वळताना स्टिअरिंग उलटं फिरतं आणि ते त्यांना बघवत नाही. आता ज्याला यंत्रं खोलायचा नाद, त्याला स्क्रू तर उलटेच फिरवावे लागतात. त्यावर त्यांनी तोड काढली आहे. प्रत्येक स्क्रू ढिला करताना ते पुटपुटतात, "माफ करजो देवा." एकदा त्यांनी माझं शिलाई मशीन साफ केलं, तर दुकानात आलेल्या बाईला वाटलं आत कोणाची तरी पूजा चालली आहे.

अशा माणसाने विमान करायला घेतलं. चार पंख्यांचं, सरळ वर उठणारं, ज्याला पोरं ड्रोन म्हणतात ते. आणि केलं ते आमच्या विहीणबाईंपायी. त्यांचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, नाल्यापलीकडे चढावर. विहीणबाईंचे दोन्ही गुडघे गेले आणि शेत सुटलं. एकदा बैलगाडीत बसवून नेऊन पाहिलं, तर गावाच्या वेशीतच त्या म्हणाल्या, "मले उतरवा, नाईतर इथंच जाळा." त्यानंतर एक दिवस भाकरी थापता थापता त्या सहज बोलून गेल्या, "पाखरावानी एकडाव सगळं वावर पाहून घेतलं असतं, मंग काई म्हणणं नोतं." बोलल्या आणि विसरल्या. इवायांनी मात्र ते हुकमासारखं धरलं. मी सुचवलं की मोबाईलमध्ये शेताचा व्हिडिओ काढून दाखवा. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "इवाई, मोबाईलमधी एका टायमाले एक झाड दिसते. तिले सगळं पायजे."

मोटारी, पाती, बॅटरी, बोटाएवढा कॅमेरा हे सगळं कुरिअरने आलं. सांगाडा घरचा. जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या हलक्या नळ्या कापून चार हात केले. मधोमध विमानाचा तोल सांभाळणारं यंत्र बसवायला काहीतरी सपाट आणि हलकं हवं होतं, म्हणून विहीणबाईंच्या पापडाच्या डब्याचं झाकण गेलं. विमान होईस्तोवर त्या घरात एकही पापड कुरकुरीत मिळाला नाही. यंत्राला सपाटी शिकवायची असते म्हणे, त्यासाठी गवंड्याची पाणसळ आणली आणि देवघराचा ओटाच काय तो गावात सपाट निघाला, म्हणून देव दोन दिवस कोनाड्यात राहिले. मग होकायंत्राची पाळी. त्यासाठी विमान हातात धरून चहूबाजूंनी फिरवावं लागतं. ते बघून विहीणबाईंना वाटलं नजर उतरवणं चाललंय. त्यांनी बाजेवर बसल्या बसल्या मीठ-मिरच्या मागवल्या आणि तेही करून टाकलं.

अडलं ते पंख्यांशी. सोबत आलेल्या कागदावर स्पष्ट चित्र होतं: दोन पंखे सुलटे, दोन उलटे. माझी लेक बी.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "मामाजी, चारी पंखे एकाच अंगानं फिरले तं विमान सोतःच गरगरन." इवाई हसले. "एका घरात चार जण, अन् त्यातले दोघं उलट्या तोंडाचे. असं घर टिकते का बाई?" सासरचा मामला, लेकीने कागद घडी करून ठेवून दिला. इवायांनी उलट्या जातीची दोन पाती परत पाठवून सुलटी मागवली.

कपाशी फुटून वावर पांढरं झालं, तेव्हा उडवायचा दिवस ठरला. मला खास बोलावणं होतं, कारण गोधडी मी शिवली होती. विमान पडलंच तर झेलायला गोधडी, तिची दोन टोकं माझ्या हातात आणि दोन जावयाच्या. सकाळी निघताना विहीणबाई म्हणाल्या, "नाई दिसलं तं नाई दिसलं, पण तुमी पडू नोका." नाल्यातून इवायांनी विमान तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरून नेलं.

विमान उठलं, हे मी शपथेवर सांगतो. आंब्याच्या शेंड्याच्या वर गेलं. पण गेलं ते गरगरत, आणि नेमकं प्रदक्षिणेच्या उलट. चारी पंखे देवाच्या दिशेने आणि विमान देवाच्या विरुद्ध! इवाई हातातल्या रिमोटची बटणं विसरून दोन्ही हात वर करून ओरडत होते, "माफ करजो देवा, माफ करजो!" मी आणि जावई गोधडी ताणून कपाशीतून त्याच्याखाली धावत होतो. ते इकडे आलं की आम्ही इकडे, तिकडे गेलं की तिकडे. शेवटी ते गोधडी चुकवून तुरीत पडलं. झाकणाला तडा गेला.

घरी आल्यावर इवाई बायकोची नजर चुकवून म्हणाले, "आलं नाई काई त्याच्यात." आणि मोरीत जाऊन पाय धूत बसले, ते उठेचनात. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पण लेकीने तेवढ्यात कॅमेऱ्यातलं सगळं मोबाईलवर घेतलं आणि सासूच्या हातात दिलं. विहीर, आंबा, कपाशी, सातपुडा, पुन्हा विहीर, पुन्हा आंबा, सगळं गरगर फिरत होतं. मी तर डोळेच मिटून घेतले. विहीणबाई मोबाईल नाकाशी धरून बघत राहिल्या. मग मोरीकडे तोंड करून ओरडल्या, "अवो, आंब्याले केवढा घेर आला! काऊन सांगतलं नाई?" इवाई ओल्या पायांनी बाहेर आले.

नंतर लेकीनेच त्यांना पटवलं. ती म्हणाली, "मामाजी, आपण पंखा खालून पाह्यतो, देव वरून पाह्यते. जे आपल्याले उलटं दिसते ते त्याले सुलटं. दोन आपल्यासाठी ठेवा, दोन त्याच्यासाठी." इवाई दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी उलटी पाती मागवली. आता विमान आभाळात खिळा ठोकल्यासारखं उभं राहतं, आणि वावर असं स्वच्छ दिसतं की कपाशीची बोंडं मोजावीत.

पण विहीणबाई तो व्हिडिओ बघत नाहीत. अजूनही म्हणतात, "ते गरगरतं लाव." परवा मी कारण विचारलं, तर लाजून म्हणाल्या, "त्या चांगल्यात नुसतं वावर हाय, इवाई. याच्यात एक चक्कर झाला का हे येतात. हात वर करून. मंग पुन्ना येतात." आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "तुमीबी येता, गोधडी घेऊन."

देव वरून बघतो हे पटल्यापासून इवायांना माझ्या पंख्याची टोचणी लागली होती. गेल्या महिन्यात ते माझ्या लेकीसोबत, पेचकस घेऊन मलकापूरला आले. "इवाई, तुमचा पंखा सुधरून देतो. एवढे उन्हाळे तुमाले वारा नाई लागला." स्टूल त्यांनीच ओढलं. आमची ही जाऊन दोन वर्षं झाली. दर उन्हाळ्यात ती त्या पंख्याखाली आडवी व्हायची, पदराने वारा घ्यायची, आणि छताकडे बोट दाखवून म्हणायची, "झाली का थंडी वरची हवा?" आणि स्वतःच हसत सुटायची.

आयुष्यात पहिल्यांदा मी इवायापुढे मान आडवी हलवली. "राहू द्या," म्हटलं. ते स्टुलावरून माझ्याकडे बघत राहिले, मग उतरले आणि पेचकस खिशात ठेवला. लेकीने चहा आणला. आम्ही दोघे त्या पंख्याखाली घाम पुसत बसून राहिलो.