सतराव्या मिनिटाचा शेवट

जबलपुरात प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणारी एकूण सात माणसं आहेत आणि त्यांतली पाच मूर्ख आहेत. सहावा माझा मित्र. तो मूर्ख नाही, पण त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं माझं परवापरवापर्यंत मत होतं. सातवा मी.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे विलायतेतल्या लांब केसांच्या पोरांनी एके काळी बसवलेली वीस-वीस मिनिटांची गाणी. मध्येच ताल बदलतो, मध्येच चर्चसारखा ऑर्गन घुमतो, गाणारा दहा-दहा मिनिटं तोंड उघडत नाही. ती पोरं आता पंचाहत्तरीला टेकली आहेत. त्यांना आपण कुठे पाहिलं, कसं भेटलो, हे एकमेकांना सांगत बसणं एवढाच आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा उद्योग.

चेरीताल मोहल्ल्यातले एक साहेब आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मुंबईत अशा एका बँडचा कार्यक्रम पाहिला. पहिल्यांदा हकीकत सांगितली तेव्हा ते शेवटून तिसऱ्या रांगेत होते. दर वर्षी ते दोन रांगा पुढे सरकतात. आता स्टेजला टेकलेत आणि गिटारवाला त्यांच्याकडे बघून हसतोसुद्धा. दुसरे एक दातांचे डॉक्टर. त्यांना बंगलोरच्या विमानतळावर मुतारीत एक ड्रमवाला भेटला होता. त्याने हात मिळवला, आणि हात धुवायच्या आधी मिळवला, हे ते अभिमानाने सांगतात. यावर सगळे अंगठे दाखवतात. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. कुणाचा शर्ट कसला होता, कुणी कुठे सही दिली, चालू.

मी कुणाला पाहिलं नव्हतं. माझ्याकडे एक कॅसेट होती. कॉलेजात असताना मित्राने भरून दिली होती. हा दीक्षितपुऱ्याचा, पुढे रेल्वेत चौकशीच्या खिडकीवर बसला, आणि कान्ह्याच्या जंगलात वाघ बघायला जाणाऱ्या गोऱ्यांशी बोलून बोलून फर्डं इंग्रजी शिकला. तेव्हा मात्र त्याच्याकडे फक्त दोन खणांचा टेप होता आणि रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन घरातून एक दिवसासाठी प्लेअरसकट मागून आणलेली रेकॉर्ड.

त्या कॅसेटवर शेवटी एक लांबलचक तुकडा होता. सतराव्या मिनिटाला ऑर्गन वर वर चढत जातो आणि एकदम थांबतो. पुढे काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शेवट न करण्याची हिंमत! सगळे संगीतकार घरी पोचवून सोडतात, या माणसाने मला मधल्या पायरीवर उभं ठेवलं. मी त्यावर मित्राला कितीदा व्याख्यान दिलं असेल याची गणती नाही. तो मान हलवायचा. फॅक्टरीतल्या नोकरीत, बापाच्या आजारपणात, बायको गेली तेव्हा, मी त्या थांबण्याला धरून राहिलो. आयुष्यात मी एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त समजलो आहे, आणि ती ही, असं मला मनापासून वाटत होतं.

ग्रुपवर मात्र मी हे कधी लिहिलं नाही. गाढवाला गुळाची चव काय! आणि ती मंडळी मोबाईलवर ऐकणारी. मोबाईलवर संगीत ऐकणं म्हणजे बादलीत नर्मदास्नान उरकणं. मी ते कधी केलं नाही.

तर या थंडीत तो तुकडा वाजवणारा म्हातारा स्वतः बायकोबरोबर भेडाघाट बघायला आला. बातमी डॉक्टरांना हॉटेलवाल्या मेव्हण्याकडून लागली. त्याला एक दुपार आमच्यासाठी मोकळी आहे असं कळलं आणि आमच्या शूरवीरांनी ठरवलं काय, तर सत्कार! शाल, श्रीफळ, हार. मराठी मंडळींच्या हॉलमध्ये माइक, मागे फलक. जगभर ऑर्गन वाजवत फिरलेल्या माणसाला समोर बसवून आपण भाषणं करायची. हॉलच्या कोपऱ्यात हार्मोनियम होती. तिच्यावरची चादर काढायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही.

म्हातारा सँडलमध्ये मोजे घालून आला. कानात मशीन. शाल गळ्यात पडली, नारळ हातात आला, तो कुठे ठेवायचा हे कुणी सांगेना, तेव्हा तो तासभर मांडीवर घेऊन बसला. बँकवाले साहेब हिंदीत पंचवीस मिनिटं बोलले. पहिल्या रांगेची हकीकत त्यांनी म्हाताऱ्यालाच ऐकवली. तो बँड याचा नव्हताच. डॉक्टरांनी मुतारीचा किस्सा सांगितला. म्हाताऱ्याने खोव्याची जलेबी खाल्ली, पाणी मागितलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी माझी पाळी आली. मला भाषण करायचं नव्हतं, एकच विचारायचं होतं. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं, म्हणून मित्राला पुढे घातलं. हा प्रश्न विचारायला मी छत्तीस वर्षं थांबलो होतो.

“विचार त्यांना,” मी म्हणालो, “सतराव्या मिनिटाला तोडायची हिंमत कुठून आली? आधी ठरवलं होतं, का वाजवता वाजवता झालं?”

मित्र पुढे सरकेना. “काहून, दुसरं काही विचारू ना. एवढंच काहून?”

“एवढंच. तू तुझं डोकं चालवू नको. मी म्हणून राहिलो तसं सांग.”

तो म्हाताऱ्याच्या कानाशी वाकला आणि बराच वेळ बोलला. मागे खुर्च्या सरकत होत्या, माइक शिट्टी मारत होता, मला काही ऐकू आलं नाही. म्हातारा आधी गोंधळला, मग हसला. मग नारळ बायकोकडे दिला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूहळू काहीतरी बोलला.

मित्र म्हणाला, “ते म्हणून राहिले, हे आजपर्यंत कोणी विचारलंच नाही. हा शेवट तुलाच समजला.”

मी घरी आलो तो जमिनीवरून चालत नव्हतो. त्या पाचांची इतकी कीव कधी आली नव्हती. मित्राचीही थोडी आली. एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्याला त्याचं काही नाही.

बँकवाल्यांनी सगळ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढून त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकला होता. मी तो उघडलाही नाही. त्यांचं भाषण दोनदा कोण ऐकणार! आठवड्याने मुलगी पुण्याहून आली. मी तिला म्हटलं, माझा भाग बघ, ते नेमकं काय बोलले ते शब्द न् शब्द लिहून दे, मला फ्रेम करायचंय. बँकवाल्यांचा मोबाईल म्हाताऱ्याच्या अगदी पायाशी ठेवलेला होता म्हणे, आवाज स्वच्छ होता. तिने मोबाईलची बोंडं कानात घातली, ऐकलं आणि बोंडं काढली.

“कुछ नहीं बाबा. राहू द्या.”

“राहू द्या काय? लिही.”

“काका तर अलगच बोलून राहिले,” ती म्हणाली. मी सोडेना, तेव्हा तिने खाली बघून सांगितलं. मित्र म्हणाला होता: साहेब, तुमचा तुकडा तेवीस मिनिटांचा आहे, मला माहीत आहे. माझी टेप सतराव्या मिनिटाला संपली. माझा हा मित्र छत्तीस वर्षं त्या शेवटावर प्रेम करतोय. कृपा करून त्याला दुरुस्त करू नका. आणि म्हातारा म्हणाला होता: त्याला सांगा, हा शेवट मला सुचला असता तर बरं झालं असतं.

ग्रुपमधल्या सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितला होता. खाली सगळ्यांचे अंगठे होते. मुतारीवाल्याचासुद्धा. त्यांच्या जागी मी असतो तर वर्षभर हसलो असतो. त्या पाचांनी सात दिवसांत एक शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दीक्षितपुऱ्याला गेलो. मित्र अंगणात वाटाणे सोलत बसला होता. माझं तोंड बघून त्याला कळलं.

“उरलेलं आहे का तुझ्याकडे?” मी विचारलं.

तो उठून आत गेला आणि जुना टेप आणि एक कॅसेट घेऊन आला. वर त्याच्या आईच्या अक्षरात ‘भजन’ लिहिलेलं. “दुसरी कोरी नव्हती,” तो म्हणाला. “आईच्या कॅसेटमध्ये मागं थोडी जागा होती, तिच्यात भरलं.”

“मग मला दिली काहून नाही?”

“दुसऱ्याच दिवशी घेऊन आलो होतो ना यार. खिशात होती. पण तू कॉलेजच्या गेटवर दोघांना समजावून राहिला होता, शेवट न करणं म्हणजे काय. असा खुश तुला कधी पाहिलाच नव्हता.” तो टेपची पिन लावायला वाकला. “मग म्हटलं, चलो, उद्या देऊ.”

कॅसेटवरची आरती संपली, थोडी खरखर झाली आणि ऑर्गन सुरू झाला, जिथे तो माझ्यासाठी थांबला होता तिथून. तो आणखी वर गेला, मग हळूहळू खाली आला, आणि अगदी सुरुवातीची साधी सुरावट परत आली. सहा मिनिटं. म्हाताऱ्याने सगळ्यांना व्यवस्थित घरी पोचवलं होतं.

मित्र नेहमीसारखा माझ्याकडे वळून बसला. “आता सांग,” तो म्हणाला, “कसं आहे?”

मी त्याच्या ताटातले वाटाणे सोलायला घेतले.