आवाज गेला ते दिवस

नोकरी गेली त्या दुपारी माझा आवाजही गेला. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी काहीतरी रंगवून बोलतेय. पण खरोखरच गेला. तोंड उघडायचे, ओठ हलायचे, आणि बाहेर नुसती हवा.

खराडीतल्या एका कंपनीत मी ग्राहकसेवेचं काम बघायचे. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, निस्तरायच्या आणि नव्यानं आलेल्या मुलामुलींना तेच काम शिकवायचं. लागले तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आणि आता केस रंगवायला लागले होते. दिवसभर बोलणं हेच माझं काम. आपण त्यात चांगले आहोत, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी मॅनेजरनं आत बोलावलं. विषय काही सांगितला नव्हता. नव्या बॅचबद्दल असेल असं समजून मी हातातला चहा घेऊनच गेले. मॅनेजर माझ्याहून लहान. त्याला सुरुवातीचं काम मीच शिकवलेलं, दर गणपतीत घरी जेवायला यायचा. त्याच्या शेजारी एचआरची एक मुलगी बसली होती, तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तो लॅपटॉपवर नजर ठेवून वाचायला लागला. कंपनीची नवी रचना होतेय, बरंचसं काम आता मशीनच करणार, त्यामुळे माझी जागा राहिलेली नाही. मी मान डोलवत होते. मला वाटत होतं, हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय आणि बाहेर जाऊन ते टीमला नीट समजावायचं काम माझ्याकडे येणार आहे.

काही विचारायचंय का, असं त्या मुलीनं म्हटलं.

"उद्याच्या बॅचला कोण शिकवणार?" मी विचारलं.

मॅनेजर पुन्हा लॅपटॉपकडे बघायला लागला. मग मी "थँक यू" म्हणाले आणि उठले. थँक यू का म्हणाले, हे मला आजही कळलेलं नाही.

जागेवर आले तर कॉम्प्युटर लॉक झालेला. पासवर्ड घालून पाहिला, पुन्हा घालून पाहिला. मागे सिक्युरिटीची बाई उभी होती, रोज सकाळी मला हसून नमस्कार करणारी. ती हळूच म्हणाली, "मॅडम, सामान घ्यायचंय ना?" तेव्हा मी डबा, एसीसाठी ठेवलेली शाल आणि चष्म्याची केस पिशवीत भरली. माझी टीम कानाला हेडफोन लावून बोलत होती. कुणाला उठता येण्यासारखं नव्हतं. एक मुलगी बोलता बोलता माझ्याकडे बघत राहिली आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

स्कूटर काढली. घर सदाशिव पेठेत, पण मी मुंढव्याकडून हडपसरला निघाले आणि सोलापूर रस्त्याला लागले. टोलनाका मागे पडल्यावर लक्षात आलं की आपण लोणी काळभोरला चाललोय, माहेरी. आई तिथे भावाकडे राहते. माझी पोरगी पुण्यात मोठ्या हापिसात हाय, हे गावात तिच्याकडून ऐकलं नाही असं माणूस सापडणार नाही. मी रस्त्याच्या कडेला थांबले. उसाचा रस मागवला, तो हातात धरून उभी राहिले आणि न पिताच ग्लास परत दिला. मग स्कूटर वळवली.

घरी सासरे पेपर वाचत होते. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, शब्द मोजून वापरणारे, पण वापरला की लागणारा. मला अवेळी आलेलं बघून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय, कंपनी बंद पडली वाटतं?"

नेहमीची थट्टा. मी नेहमीसारखं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. ते पेपर खाली ठेवून उठले, पाणी आणलं. मी पाणी प्यायले, तरी नाही. मग मोबाईलवर टाइप करून त्यांच्यापुढे धरलं. मला नोकरीवरून काढलं. त्यांनी ते वाचलं, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मी सहज म्हणालो होतो गं."

नवरा शाळेत शिकवतो. संध्याकाळी तो आला तेव्हा सासऱ्यांनीच त्याला दारात गाठून सांगितलं. तो माझ्याजवळ येऊन बसला. काही विचारलं नाही, कारण मला उत्तर देता येणार नव्हतं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

दोन-तीन दिवस मीठपाण्याच्या गुळण्या, हळद-दूध असं सगळं झालं. मग नवरा मला जवळच्याच एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. म्हातारे डॉक्टर. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं आणि मला खोकायला सांगितलं. मी खोकले. खणखणीत आवाज झाला. मीच दचकले.

"घसा उत्तम आहे," डॉक्टर नवऱ्याला म्हणाले. "खोकताना आवाज येतो, म्हणजे आवाज आहे. घरात काही घडलंय का?"

नवऱ्यानं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून बसले. धक्क्यानं असं होतं, म्हणाले. मी नाटक करत नाहीये हे त्यांना माहीत आहे, आणि मीही ते स्वतःला बजावावं. औषध काही दिलं नाही. आवाजासाठी जोर लावू नका, एवढंच सांगितलं. मला मात्र घाबरायला झालं. घसा बिघडला असता तर बरं होतं. चांगला घसा असून गप्प झालेलं माणूस कोणी दुरुस्त करायचं?

आई रोज फोन करायची. नवरा सांगायचा, घसा बसलाय. असं किती दिवस चालणार? एका सकाळी ती बस पकडून थेट आली. पिशवीत मेथीच्या जुड्या. आल्या आल्या तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"घसा बसल्यावर माणूस असं दिसतंय व्हय?" ती म्हणाली. "काय झालं, सांग."

सासरे दुसऱ्या खोलीत निघून गेले. मी मोबाईलकडे हात नेला, पण आईला बारीक अक्षर दिसत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खोकले. आणि त्या खोकल्याच्या मागूनच, फाटका, घोगरा, माझाच वाटू नये असा आवाज आला.

"आई, मला कामावरनं काढलं."

हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. टाइप केलं होतं, मनात हजारदा म्हटलं होतं. कानांनी ऐकलं तेव्हा ते खरं झालं.

आईनं विचारलं, "काय चुकलं तुझं?"

"काही नाही."

"मग काढलं कशापायी?"

मी सांगायला गेले. नवी रचना, मशीन, जागा. माझं मलाच ते पोकळ वाटलं. तिला ठाऊक असलेली कारणं म्हणजे पिकाला पडलेला रोग, माणसानं केलेली चोरी, झालेलं भांडण. काहीच न चुकता काढून टाकतात, हे तिच्या डोक्यात शिरेना. ती खाटेवर बसली. मला वाटलं आता रागावेल, निदान कुणाला तरी शिव्या घालेल. ती म्हणाली, "मला काय समजंना बघ." आणि माझा हात हातात घेऊन बसली. माझी आई कधी गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. मला रडू आलं ते तेव्हा. तिनं अडवलं नाही. नंतर कधीतरी उठून तिनं मेथी निवडायला घेतली आणि मीही तिच्यासोबत बसले.

आवाज हळूहळू परतला. सुरुवातीला फाटायचा, मधेच बुडायचा. मी नोकऱ्या शोधल्या. मुलाखतीत आधीची का सोडली असं विचारत, आणि मी सोडली नाही, काढलं, असं सांगताना पहिल्या दोन-तीन वेळा मला आधी खोकावं लागलं. पुढे सांगता यायला लागलं. हाताला काही लागलं नाही. शेवटी घराजवळच्याच एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवण्याचं काम मिळालं. जिल्ह्यातल्या गावांतून आलेली मुलं असतात, वर्गात लाजतात, हळूहळू सुटतात. मला ते काम आवडतं.

तरीही परवा क्लास चालवणारे सर दारातून म्हणाले, "मॅडम, जरा आत येता का?" आणि मी पिशवी उचलूनच आत गेले. त्यांना संध्याकाळची वेळ बदलली तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. मी चालेल म्हणाले. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले, छातीतली धडधड थांबेपर्यंत. मग वर्गात गेले. मुलं वह्या उघडून बसली होती.