वरचे दोन थर

लातूरच्या एमआयडीसीत सुगंधी स्प्रेचे डबे भरणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं गरम पाण्याचा हौद सांभाळला. भरलेला प्रत्येक डबा त्या पाण्यातून जातो. गरम झाला की आतल्या गॅसचा दाब वाढतो. कुठे बारीक भोक असेल तर बुडबुडा येतो, कच्चा डबा असेल तर तिथंच फुगतो. असे डबे मी बाजूला काढायची. ही खोली मुख्य इमारतीपासून मुद्दाम लांब, जाड भिंतींची बांधलेली होती. डबा फुटलाच तर इजा कमीत कमी माणसांना व्हावी, असा त्यामागचा विचार. कमीत कमी म्हणजे मी.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनपर्यंत चालत जायचं, तर तोवर बायकांचे डबे उघडून, भाज्या वाटून झालेल्या असायच्या. पहिली दोनेक वर्षं मी तिकडं जात राहिले. मग हौदाशेजारीच जेवायला लागले. माझं माहेर शिरूर अनंतपाळचं. वडील शिक्षक होते. लग्नाचं राहून गेलं. आईवडील गेल्यावर ते घर भावाचं झालं आणि मी लातूरला एका किराणा दुकानदाराच्या माडीवर भाड्यानं राहू लागले. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर घरमालकीण बसलेल्या असत. "आलात का?" असं त्या विचारायच्या. "आले," मी म्हणायची. कितीतरी दिवस तेवढंच बोलणं व्हायचं.

एका उन्हाळ्यात आमचा माल जहाजानं आखातात गेला आणि महिनाभरानं तक्रार आली. खोकी भिजलेली, बरेच डबे फुटलेले. मॅनेजर साहेब स्वतः माझ्या खोलीपर्यंत चालत आले, तेव्हाच प्रकरण साधं नाही हे मी ओळखलं.

"मॅडम, गळके डबे तुमच्या नजरेतून निसटले," ते म्हणाले.

मी फोटो मागितले. त्यांनी मोबाइल हातात दिला. डब्याचा तळ आतल्या बाजूला वळलेला असतो. फोटोतल्या डब्यांचे तळ बाहेर आले होते, पोट फुगल्यासारखे. गळका डबा नुसता रिकामा होतो, त्याचा आकार बदलत नाही. हे डबे आतल्या दाबानं फुटले होते. शिवाय खालची खोकी कोरडी होती. नासाडी सगळी वरच्या थरांत होती.

"साहेब, हे उष्णतेनं झालंय."

"समुद्रावर कुठली आली एवढी उष्णता?" ते म्हणाले आणि निघून गेले.

मी समुद्र तोवर पाहिलाही नव्हता.

पुढच्या खेपेसाठी रिकामा कंटेनर आला तो भर दुपारी. अंगणात उभा होता. मी प्रयोगशाळेतून तीन थर्मामीटर आणले, एका काठीला वर, मध्ये आणि खाली बांधले, काठी आत उभी केली आणि दार लोटून तिथंच बसले. काठी ठेवून बाहेर थांबता आलं असतं. पण माल आत कसा राहतो ते मला बघायचं होतं. अंधार होता आणि पत्रा मधूनमधून कडकड वाजत होता. माझ्या खोलीत निदान हौदाच्या पंपाचा आवाज तरी असायचा.

दार उघडलं ते ट्रकच्या ड्रायव्हरनं. अर्धापूरचा होता, पन्नाशीतला.

"ताई, आत काय करून राहिल्या तुमी? मरून जाताल ना."

मी काठी बाहेर आणून वाचली. जमिनीलगत त्रेचाळीस, मध्ये अठ्ठेचाळीस, छताखाली त्रेसष्ट. आमच्या प्रत्येक डब्यावर छापलेलं असतं की पन्नास अंशांच्या वर ठेवू नये.

त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी त्याला सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी मी एवढं सलग बोलत होते. ऐकून घेऊन तो म्हणाला, "समुद्रात कशाला तापतंय ताई? तापतंय ते उभं राहून. बंदराच्या बाहेर रांगेत आमी दोन-दोन दिस उभे. मंग आतल्या यार्डात कंटेनर किती दिस उन्हात ऱ्हातो, त्याचा काय नेम न्हाई. जहाजावर निदान वारा तरी हाय."

हे मला सुचलंच नव्हतं. अकरा वर्षं मी माल पाठवत होते आणि तो वाटेत कुठं थांबतो हे कुणाला विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साहेबांना कंटेनरजवळ नेलं. आकडे सांगितले नाहीत, फक्त आत चला म्हटलं. ते आत गेले, मी दार लोटलं. थोड्याच वेळात ते मान पुसत बाहेर आले.

"काय करायचं म्हणता?"

वरचे दोन थर भरायचेच नाहीत, मी सांगितलं. ट्रक आठवडाभर आधी न पाठवता बंदरात माल घ्यायची मुदत संपायच्या बेतानं पाठवायचा. जहाजाच्या कागदावर लिहायचं की कंटेनर डेकवर नको, पोटात ठेवा आणि इंजिनापासून लांब ठेवा. आणि डब्यात माल जरा कमी भरायचा, कारण तापला की आतला द्रव फुगतो, त्याला जागा लागते. शेवटची गोष्ट त्यांनी धुडकावली. वजन लेबलवर छापलेलं होतं, लाखभर डबे तसेच पडून होते. बाकीचं त्यांनी मान्य केलं. माल जहाजावर चढवून देणाऱ्या मुंबईच्या एजंटला मीच फोन लावला. तो म्हणाला, "विनंती लिहितो मॅडम, हमी देत नाही."

कंटेनर निघाला. तोच ड्रायव्हर होता. "दिवसा सावलीत उभा करा," मी म्हटलं. तो हसला. "चाळीस फुटाच्या कंटेनरला सावली कुठली मिळायची ताई? बघतो." निघताना त्यानं आपला नंबर दिला.

मग वाट बघणं सुरू झालं. हौदावर काम करताना सारखं मनात यायचं, आता कुठं असेल? एका संध्याकाळी पायरीवर मी घरमालकिणींना म्हटलं, "आमचे डबे समुद्रात आहेत."

"बुडाले का?"

"नाही. चाललेत."

"मग बरं हाय की," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाईक आल्यामुळं उठल्या.

महिना गेला, वर आणखी आठवडा गेला. शेवटी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं.

"अहो, ते पोचून पंधरा दिवस झाले," ते म्हणाले. "सगळं ठीक आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तक्रारच नाही म्हटल्यावर सांगायचं काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी परत खोलीत आले आणि दुपारची पाळी पूर्ण केली.

माडीवर गेल्यावर मात्र बसवेना. भावाला फोन करावा म्हटलं, तर त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी ड्रायव्हरचा नंबर लावला. त्याच्या बायकोनं उचलला. मोबाइल घरी विसरून तो गुजरातकडं केळी घेऊन गेला होता.

"काय निरोप सांगू?"

"डबे नीट पोचले म्हणून सांगा."

"कंचे डबे?"

मी सांगू लागले. हौद, फुगलेले तळ, छताखालची उष्णता. मधेच तिकडं कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं आता ती फोन ठेवील. पण ती गॅस बारीक करून परत आली आणि म्हणाली, "हाव, मंग पुढं काय झालं?"