चपलेवरची वरात

सपाट आणि जराशी मऊ अशी कोणतीही वस्तू माझ्या साडूच्या तावडीतून आजवर धड सुटलेली नाही. कोळारच्या कारखान्यात तो नोकरी करतो, पण कलबुर्गीला चित्रकला शिकताना हातांना लागलेली कोरण्याची खाज काही जात नाही. लाकूड कोरायचं, शाई फासायची, वर कागद ठेवून पाठीमागून चमच्यानं घासायचं, की चित्र उमटतं. त्यामुळे त्याच्या घरी चहात साखर ढवळली की चहाला शाईचा वास येतो. एकदा तर त्यानं पोळपाटावरच वकील कोरला. त्या दिवशी प्रत्येक चपातीवर चष्म्यासकट वकीलसाहेब उमटले. माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, लाटणं घेऊन मागं लागली, आणि हे महाशय पळता पळता सांगत होते, "अगं, एक तरी वकील आपल्या पोटात जायलाय की!"

वकिलांवर एवढा राग, कारण त्याच्या लग्नाची केस. आमच्या सासुरवाडीत विहाराकडून मांडवाकडं जायचं तर वरच्या गल्लीतूनच जावं लागतं. आमच्या जातीचा नवरदेव तिथून घोड्यावर जातोय हे काही जणांना बघवलं नाही. त्यांनी त्याला खाली ओढलं, फेटा पायाखाली घातला. मी घोड्यापुढंच नाचत होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं. शेवटी नवरदेव मागच्या शेतातून पायी मांडवात आला. केस उभी राहिली तर आमची साक्ष नातेवाइकांची म्हणून हलकी ठरली, आणि त्या गल्लीतल्या कोपऱ्यावरच्या म्हातारीनं शपथेवर सांगितलं की घोडं बुजलं, नवरदेव आपसूक पडला.

तारखांना बसून बसून साडूनं अख्खं कोर्ट कोरून काढलं. पेंगणारे कारकून, डबा सोडून बसलेले साक्षीदार, सगळे. एका चित्रात बाहेरच्या बाकांवर आमचीच माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि आतल्या खुर्च्यांवर आमचं एकही नव्हतं. ते बघून आमचेच वकील म्हणाले की हे असलं काही इथं आणू नका. मग कोर्टाच्या फाटकावरचा पोलीस त्याच्या पिशवीतली कोरायची हत्यारं आणि कागद काढून घेऊ लागला. त्या दिवशी साडू खाली बघत परतला. मला वाटलं बिचारा खचला, पण तो स्वतःच्या रबरी चपलांकडं बघत होता.

निकाल लागला. सगळे सुटले. मेहुणी रडली, मीही रडलो. साडूनं घरातल्या सगळ्यांच्या रबरी चपला गोळा केल्या. आठवडाभरानं त्या परत मिळाल्या तेव्हा माझ्या चपलेच्या तळाला गाल फुगवलेला बँडवाला कोरला होता, सासूबाईंच्या चपलेला नटलेली करवली, आणि त्याच्या स्वतःच्या चपलेवर घोडा, वर फेटेवाला नवरदेव. अंगणातल्या मातीत पाऊल उमटवून बघितलं, तर छाप उलटी उमटते हे विसरल्यामुळे नवरदेवाची कट्यार तेवढी डाव्या हातात गेली होती. ते सासूबाईंनी लगेच ओळखलं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो आणि सकाळी सकाळी वरच्या गल्लीतून निघालो. तिथला फुफाटा पिठासारखा मऊ. पुढं घोडा, मागं बँड, अख्खी वरात जमिनीवर उमटत चालली. मी सारखा दोन्ही बाजूंच्या दारांकडं बघत होतो. साडू म्हणाला, "अण्णा, भ्यायलास कामून? चालायला कुठं बंदी हाय?" सासूबाई तर एवढ्या रंगात आल्या की करवली नीट उमटली नाही म्हणून मागं जाऊन पुन्हा पाय दाबून आल्या.

तेव्हापासून साडू सासुरवाडीला गेला की त्या गल्लीतून एक फेरी मारतोच, आणि लोक खराट्यानं ते ठसे झाडून टाकतात. कोपऱ्यावरच्या म्हातारीचा खराटा सगळ्यांत आधी निघायचा.

परवा आम्ही दोघं तिथून परत येत होतो. म्हातारी वाकून झाडत होती. बँडवाला गेला, पाचोळा गेला, पण घोड्यापाशी खराटा वळसा घालून पलीकडं गेला. घोडा तसाच राहिला. आम्ही थबकलो. मान वर न करता ती म्हणाली, "जावईबापू, घोडं बुजलं न्हवतं."

त्या गल्लीत त्याला जावईबापू म्हणून आजवर कुणी हाक मारली नव्हती. मला भरून आलं आणि रागही आला, कारण हेच वाक्य तिनं कोर्टात बोलायला हवं होतं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असलेला माझा साडू "व्हय, मावशी," एवढंच म्हणाला. आणि फेटा जागेवर आहे का बघावं तसा त्याचा हात डोक्यावर गेला.